मशीनवाल्याची वही

बोबो-जुलासोच्या या थिएटरात
पडद्यापासून सगळ्यांत लांब माझी खोली.
भिंतीला एक चौकोनी भोक. त्यातून उजेड खाली जातो
आणि त्याच वाटेने माणसांचं हसणं वर येतं.
एकतीस वर्षं मी ते मोजत आलोय.

यंदा सर्वोत्तम चित्रपटासाठी पाच नावं.
छापील पुस्तिकेत प्रत्येकाला चाळीस शब्द:
कुठे शिकले, कुठे गौरवले गेले.
फोटोत सगळ्यांची हनुवटी जरा वर.
माझ्याकडे चौकटीची शाळकरी वही आहे.

सिबिरी तापसोबा, दोनदा जिंकलेला.
याचे डबे नवेकोरे, सीलबंद, दोन दिवस आधी हजर.
पुस्तिका म्हणते, मानवी वेदनेचा भाष्यकार.
वही म्हणते, सत्तेचाळिसाव्या मिनिटाला
मागच्या रांगेतली पोरं शेंगदाणे आणायला गेली
ती परत आली नाहीत.
पुढच्या चित्रपटालाही सत्तेचाळिसावंच.
माणूस वाईट नाही. दर वेळी वर येतो,
माझा हात दोन्ही हातांत धरतो, आवाज थोडा वाढव म्हणतो.

सावादोगो बहिणी: आवाज स्वच्छ.
बाकी लिहिलेलं नाही, त्या रात्री मला ताप होता.

नूफू बार्रो आता नाही.
त्याची बायको पेनड्राइव्ह गळ्यातल्या दोऱ्यात ओवून आली,
चित्रपटभर माझ्या स्टुलावर बसली
पडद्याकडे पाठ करून.
शेवटाकडे एका आरशात तो स्वतः दिसतो, क्षणभर,
खांद्यावर कॅमेरा.
‘आला का?’ तिने विचारलं.
म्हटलं, आला.

यासूबाचं पान कोरं. पहिलाच चित्रपट, फोनवर काढलेला.
पोराला मी ओळखतो.
शेंगदाण्यांना गेलेल्यांतलाच तो एक.

आणि कादिदिया सानू.
तीनदा उंबरठ्यावरून परत गेलेली.
तिचा पहिला चित्रपट: प्रेक्षक अकरा आणि एक शेळी.
शेळी शेवटपर्यंत थांबली.
दुसऱ्याला हरमाटान सुटला, पडद्यावर धूळ बसली,
नायिका तांबूस दिसू लागली.
लोकांना वाटलं तेच मनात असेल बाईच्या. टाळ्या पडल्या.
तिसऱ्याला रीळ तुटलं.
मी चिकटवलं. चोवीस फ्रेम कापाव्या लागल्या,
म्हणजे एक सेकंद.
त्या सेकंदात एक म्हातारा दार उघडून
कुणाला तरी हाक मारत होता.
परीक्षकांनी पाहिला तो हाक नसलेला चित्रपट:
म्हातारा दार उघडतो, दार लावतो.
तुकडा अजून माझ्या काडेपेटीत आहे.
तिला सांगायचं राहिलंय. राहिलंय म्हणजे
सांगितलेलं नाही.

बक्षिसाच्या रात्री वरून मला फक्त डोकी दिसतात.
पाच जण पहिल्या रांगेत. पाठमोरे चेहरे मी चुकत नाही.
मंत्र्याने पाकीट फोडलं, तोंड उघडलं,
आणि वीज गेली.
अंधारात खालून नाव आलं, अर्धंच,
बाकीचं टाळ्यांनी खाल्लं.
मी चाचपडत जनरेटरची दोरी ओढली. एकदा. दोनदा.
उजेड आला तेव्हा
पाचही जण उभे होते.
नूफूची बायकोसुद्धा.
एकमेकांकडे बघत, कुणी बसायचं ते न कळून.

कोण जिंकलं ते वर्तमानपत्रात आलंय.

झाडताना पहिल्या रांगेखाली एक कागद सापडला,
घड्या पडून कापडासारखा मऊ झालेला.
जुला भाषेतलं भाषण, सात ओळी. आईचं नाव, दिवे धरणाऱ्या पोरांची नावं,
आणि खाली ‘वरच्या खोलीतल्या माणसालाही’.
डोक्यावर साल. खोडलेलं. शेजारी दुसरं, तेही खोडलेलं.
तिसरंही.
चौथं तेवढं अजून शाबूत.

वहीत लिहिलं: प्रेक्षक पूर्ण. वीज एकदा गेली.
कागद तिच्या पानात ठेवला.
मग काडेपेटी काढली
आणि बराच वेळ नुसती हलवत बसलो.